पहाटेचे मक्तेदार

पहाटे उठून व्यायाम करणाऱ्या माणसांविषयी माझी काही तक्रार नाही. त्यांनी उठावं, चालावं, पळावं, दंड-बैठका काढाव्यात आणि खुशाल शंभर वर्षं जगावं. माझं भांडण आहे ते त्यांच्या सात वाजता परत येण्याशी. कारण असा माणूस नुसता परत येत नाही, तो उपदेश घेऊन येतो. घामेजलेला, ताजातवाना, स्वतःवर बेहद्द खूष असलेला हा गृहस्थ खुर्चीत बसतो, टॉवेलने मान पुसतो आणि जी बाई पाच वाजल्यापासून ओट्यापाशी उभी आहे तिलाच विचारतो, "वहिनी, तुम्ही पहाटे उठून काहीतरी व्यायाम का करत नाही हो?"

आमचे धाकटे दीर हे असे आहेत. थिबा पॅलेस रोडला आमच्या घरापासून चार गडगे सोडून त्यांचं घर. निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. नोकरीत असताना हा माणूस आठाच्या आत कधी उठला नाही, हे मी कुठल्याही देवळात सांगायला तयार आहे. सासूबाई त्यांना हाका मारून मारून थकायच्या आणि शेवटी पंखा बंद करायच्या. पण निवृत्तीच्या दुसऱ्या आठवड्यात भावोजींना पहाटेचा शोध लागला. कोलंबसाला अमेरिकेचा लागला तसाच. म्हणजे तिथे आधीपासून माणसं राहत होती, ही गोष्ट दोघांच्याही लक्षात आली नाही.

भावोजी पाचला निघतात, उतार उतरून भाट्याच्या पुलापर्यंत जातात आणि चढ चढून सातला परत येतात. जाऊबाई त्या वेळी झोपलेल्या असतात (शहाणी बाई!), म्हणून चहा आमच्याकडे. बरं, चहाचं मला काही नाही. दहा कपांत अकरावा. पण चहाबरोबर ते 'प्रेरणा' वाटतात. शिवाय घरच्या मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी त्यांचं सुप्रभात येतं. त्या चित्रात समुद्रातून लालबुंद सूर्य वर येत असतो. रत्नागिरीला जन्म काढलेल्या माणसाने समुद्रातून सूर्य उगवलेला पाठवावा! आमचा समुद्र पश्चिमेला आहे. तिथे सूर्य बुडतो. उगवतो तो मागच्या डोंगरातून, आणि तोही आपल्या सवडीने.

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या दिवाळीनंतर डॉक्टरांनी माझ्या रक्ताचा कागद हातात घेतला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "सीमेवर आहात." तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा ६.२ होता. साडेसहाला मधुमेह म्हणतात. माझ्या आईला मधुमेह होता. शेवटी तिच्या पायाचं काय झालं ते मी पाहिलेलं आहे, त्यामुळे मला भीती कुणी शिकवायला नको. डॉक्टर पुढे म्हणाले, "रोज अर्धा तास भरभर चाला. आठवड्यातून पाच दिवस." बस. एवढंच म्हणाले. वेळ सांगितली नाही. पण दवाखान्यातून घरी येईपर्यंत त्या वाक्यात 'पहाटे' हा शब्द कुठून शिरला, देव जाणे. ह्यांनी भावोजींना सांगितलं, "हिला पहाटे चालायला सांगितलंय." भावोजींनी अख्ख्या घराला कळवलं. तिसऱ्या दिवशी पुण्याच्या नणंदेचा फोन : "पहाटेच हवं हं वहिनी, नाहीतर उपयोग नाही."

उपयोग नाही? कुणी सांगितलं? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली जगभरच्या माणसांसाठी व्यायामाचं माप ठरवून दिलं, त्यात आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं मध्यम व्यायाम करा, असं म्हटलंय. कोंबडा आरवायच्या आत करा, असं कुठेही नाही. उलट, थोडं केलं तरी काहीच न करण्यापेक्षा बरं, अशी मायेची भाषा आहे. आमच्या घरच्या संघटनेची भाषा जास्त कडक.

मग सुरू झाला प्रेरणेचा मारा. वर्तमानपत्राच्या पुरवण्यांतली कात्रणं यायला लागली. गजर उशापासून लांब ठेवा, म्हणजे बंद करायला उठावंच लागेल. ठेवला. त्या गजराने सासूबाई उठल्या, हे उठले, शेजारचा कुत्रा उठला. मी उठले नाही, कारण मी पंधरा मिनिटांपूर्वीच उठून नारळ खोवत होते. चालायचे बूट पलंगाशेजारी ठेवा. आमच्या घरात पलंगाशेजारी बूट ठेवले तर मला आधी सासूबाईंना तोंड द्यावं लागेल, आणि तेवढ्यात माझा व्यायाम होईल. व्यायामाच्या कपड्यांतच झोपा. (हे लिहिणाऱ्याने मे महिन्यात रत्नागिरीत एक रात्र काढावी. इथे माणूस कातडी काढून झोपता येईल का, या विचारात असतो.) आणि सगळ्यांत शेवटी, आरशासमोर उभं राहून स्वतःला म्हणा, 'मी करू शकते.' मी पहाटे पाच वाजता काय काय करू शकते, ते आरशाला ठाऊक नसेल, पण गॅसला ठाऊक आहे.

ही सगळी कात्रणं एक गोष्ट गृहीत धरून चालतात. ती म्हणजे पहाट हा रिकामा प्लॉट आहे. कुणाच्या मालकीचा नाही, तुमच्यात इच्छा असेल तर जा आणि कुंपण घाला! आळशी माणूस जात नाही, उद्योगी जातो. आता माझ्या प्लॉटचा सातबारा वाचा. पावणेपाचला उठणं. पाचला नळाचं पाणी येतं, ते भरणं. मुलगा मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला जातो, त्याचा डबा साडेसहाला हातात. सासूबाई शहाऐंशी वर्षांच्या. त्यांना गरम पाणी, मग गोळी, मग मऊ भात, ह्याच क्रमाने. क्रम चुकला तर त्या गोळी घेत नाहीत. ह्यांचा डबा, सुनेचा डबा, घावनांचं पीठ, दूध, देवाची फुलं. सून हाताशी असते, पण तिलाही आठची गाडी गाठायची असते, आणि तिने तरी तिच्या वाटणीची पहाट कुणाला द्यावी? ह्या सातबाऱ्यावर इतके बोजे आहेत की बँकेने कर्ज दिलं नसतं.

हे सगळं मी एकदा भावोजींना शांतपणे सांगितलं. बोटं मोजून. शेवटी विचारलं, "आता सांगा, पाच ते साडेपाच मी भाट्याला गेले, तर दूध कोण तापवणार?" भावोजींनी मनापासून विचार केला. माणूस दुष्ट नाही. चहाचा एक घोट घेतला आणि म्हणाले, "तुम्ही थोडं लवकर उठा. सव्वाचारला."

वाचकहो, मी विळीवर बसले नव्हते, हे भावोजींचं नशीब.

सव्वाचार म्हणजे काय, तेही जरा पाहू. आपल्या घड्याळातली वेळ रत्नागिरीची नाहीच. ती ८२.५ रेखांशावरची, म्हणजे तिकडे उत्तर प्रदेशात मिर्झापूरच्या बाजूची. रत्नागिरी आहे सुमारे ७३.३ वर. सूर्याला एक रेखांश ओलांडायला चार मिनिटं लागतात. म्हणजे मिर्झापूरच्या आणि आमच्या सूर्यात जवळजवळ ३७ मिनिटांचा फरक. घड्याळात पाच वाजतात, तेव्हा आमच्या आभाळात चार वाजून तेवीस मिनिटं झालेली असतात. भावोजींच्या सव्वाचारला तर आमच्या सूर्याच्या हिशेबाने चारही वाजलेले नसतात. तो प्रातःकाल नव्हे, ती चोरांची वेळ! मुंबईकर या बाबतीत हुशार. १९०६ साली देशभर एकच वेळ आली, तरी त्यांनी आपली वेगळी 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सांभाळली, ३९ मिनिटं मागे. आम्ही कोकणी माणसं गरीब. मिर्झापूरच्या घड्याळाने उठतो आणि जानेवारीत सात वाजून गेल्यावर उगवणाऱ्या सूर्याची अंधारात वाट बघतो.

भावोजींचा दुसरा आग्रह सूर्यनमस्काराचा. सूर्यनमस्कार मला लहानपणापासून येतात आणि आवडतातही. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळाशाळांतून ते सुरू केले आणि १९३८ साली थेट लंडनला त्याचं इंग्रजी पुस्तक निघालं, हेही मला माहीत आहे. पण नावातच सूर्य आहे ना? मग पाच वाजता अंधारात तो नमस्कार कुणाला घालायचा? पंख्याला?

शास्त्राचा आधार म्हणून ब्राह्ममुहूर्त येतो. वाग्भटाने म्हटलंय, भावोजी सांगतात. म्हटलंय, पण 'स्वस्थ' माणसाने उठावं असं म्हटलंय. संस्कृतात स्वस्थ म्हणजे निरोगी. मराठीत त्याचा जो अर्थ आहे, तो आमच्या घरातली पुरुषमंडळी सातपर्यंत करून दाखवतात. त्याच वाग्भटाने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, आणि तोही थंडीत नि वसंतात, बाकीच्या ऋतूंत त्याहून कमी, असं बजावलंय. हे पुढचं वाक्य भाट्याच्या पुलावर कुणी उच्चारत नाही.

आणि ते 'लवकर निजे, लवकर उठे'! शाळेच्या फळ्यावर हे सुवचन वाचून आमच्या पिढ्या वाढल्या. मला वाटायचं, रामदासांचं असावं. निघालं इंग्रजीतलं. अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनने १७३५ साली आपल्या पंचांगात छापून ते जगभर नेलं. गंमत म्हणजे याच फ्रँकलिनने पुढे १७८४ साली पॅरिसच्या एका वर्तमानपत्रात पत्र लिहिलं. एकदा कसल्याशा आवाजाने मला सकाळी सहाला जाग आली आणि खोलीत उजेड पाहून आश्चर्य वाटलं, सूर्य इतक्या लवकर उगवतो याची मला कल्पनाच नव्हती, असा त्यातला मजकूर! पत्र थट्टेचं होतं, कबूल. पण वय वर्षं अठ्ठ्याहत्तर असताना माणूस ज्याची थट्टा करतो, त्याच्याबद्दल त्याचं खरं मत काय असेल?

रत्नागिरीत राहून व्यायामाचा विषय काढला की टिळक येणारच. टिळक आळीतला तो जन्म, १८५६ सालचा. डेक्कन कॉलेजात गेल्यावर प्रकृती किरकोळ आहे असं लक्षात आलं, तेव्हा अभ्यास बाजूला ठेवून त्यांनी एक वर्ष शरीर कमावण्यात घातलं. भावोजींचा हा हुकमाचा पत्ता. मी म्हणते, छान! लोकमान्यांनी अर्धा तास काढला नाही, अख्खं वर्ष काढलं. आणि वसतिगृहात. तिथे भाताला आधण ठेवायला ते उठत नव्हते. मला कुणी वर्षभर वसतिगृहात ठेवलं, दोन वेळा आयतं ताट दिलं, तर मीही कुस्तीचा फड मारून येईन.

त्यापेक्षा मला आमचे दुसरे कोकणस्थ जवळचे वाटतात. अण्णासाहेब कर्वे. १८५८ ते १९६२, एकशेचार वर्षं. पोरवयात परीक्षेला बसायचं म्हणून मुरुडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्यापर्यंत चालत गेले, आणि वय लहान दिसतं म्हणून तिथून परत पाठवले गेले. पुढे १९०० साली आश्रम हिंगण्याला हलला, तेव्हा कॉलेजातलं शिकवणं आटोपून पुण्याहून हिंगण्याला पायी जायचे. म्हणजे संध्याकाळी! अण्णासाहेबांना प्रेरणेसाठी बूट उशाशी ठेवावे लागले नाहीत. पलीकडे कुणीतरी वाट बघत होतं, म्हणून पाय चालले.

आता थोडा वेळ हसणं बाजूला ठेवते. २०१९ साली केंद्र सरकारने देशभर एक पाहणी केली. माणसं चोवीस तास कशात घालवतात याची. घरातलं बिनपगारी काम शंभरातल्या ८१ बायका करत होत्या आणि शंभरातले २६ पुरुष. करणाऱ्या बाईची रोजची मिनिटं सरासरी २९९, करणाऱ्या पुरुषाची ९७. (२९९! तीनशेला एक मिनिट कमी. तेवढ्यात बहुतेक गार झालेला चहा प्यायला असेल.) आणि २०२४ साली लॅन्सेटच्या मासिकात दुसरा एक हिशेब आला. २०२२ साली आपल्या देशात पुरेशी हालचाल न करणारे पुरुष शंभरात ४२ आणि बायका ५७. हे दोन कागद शेजारी ठेवून बघा. घरात जी सगळ्यांत आधी उठते, सगळ्यांत शेवटी निजते आणि दिवसभर पायावर उभी असते, तीच कागदावर बसून राहणारी ठरते. कारण ओट्यापाशी उभं राहून गुडघे झिजतात, साखर उतरत नाही. आणि मग तिच्या साखरेवर उपाय म्हणून तिलाच सांगायचं, आणखी अर्धा तास लवकर उठ. झोप कमी कर. कमी झोपेनेही साखर वाढते, हे भावोजींच्या कात्रणात नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं.

नाही म्हणायला पहाटेच्या बाजूने एक मुद्दा चांगला आहे, तो मी नाकारत नाही. भावोजी म्हणतात, "सकाळी केलं की झालं. दिवस चढला की शंभर कामं आडवी येतात." अगदी खरं. फक्त त्यांची शंभर कामं दिवस चढल्यावर येतात, माझी दिवस चढायच्या आधी. ज्याची कामं जिथे नाहीत, तिथे त्याने व्यायाम करावा. मला दिवसात मोकळा असा एकच तुकडा सापडतो. सव्वापाच ते सहा. संध्याकाळचे. सासूबाईंची टीव्हीवरची मालिका सुरू असते, हे आलेले नसतात किंवा आलेले असले तरी वर्तमानपत्र परत वाचत असतात, आणि रात्रीच्या भाताला अवकाश असतो.

आणि रत्नागिरी हे गावच मुळी संध्याकाळचं आहे. पहाटे इथे काय दिसतं? अंधार, कुत्री आणि जांभ्याचे गडगे. त्या गडग्यांत फुरसं असतं. टीचभर जनावर, पण आमच्या जिल्ह्याची मोठी ख्याती त्याच्यामुळे. ते रात्रीचं हिंडतं आणि उजाडताना घरी परततं. त्याला कुणी प्रेरणा देत नाही, तरी नियमित! संध्याकाळी मात्र थिबा पॉइंटवर जाऊन उभं राहा. खाली काजळीचं मुख, भाट्याचा पूल, राजिवड्याच्या होड्या, आणि समोर अख्खा सूर्य समुद्रात उतरतोय. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८६ साली इथे आणून ठेवलं आणि १९१६ साली तो इथेच गेला. तीस वर्षं त्या बिचाऱ्याच्या वाट्याला मावळताच सूर्य आला. राज्य गेलेल्या माणसाला जे दृश्य पुरलं, ते माझ्या साखरेला पुरायला हरकत नसावी.

पण संध्याकाळ सापडली म्हणून पाय आपोआप बाहेर पडले, असं नाही. इथे मला भावोजींचेच आभार मानले पाहिजेत, कारण खरी गोष्ट कळली ती त्यांच्यामुळे. जेल रोडच्या कोपऱ्यावर त्यांचे चार निवृत्त मित्र पाचला उभे असतात. एकजण उशिरा आला की बाकीचे त्याला दिवसभर बोलतात. मार्चमध्ये ते चौघे गणपतीपुळ्याला दोन दिवस मुक्कामाला गेले. भावोजींना काही कामामुळे जाता आलं नाही. त्या दोन्ही दिवशी भावोजी साडेसातला उठले. जाऊबाईंनी मला स्वतः सांगितलं, आणि आवाजात समाधान होतं. प्रेरणा गणपतीपुळ्याला गेली होती!

म्हणून मीही प्रेरणा शोधायचं सोडलं आणि शेजारणी शोधल्या. एक शाळेत शिक्षिका, तिचा रक्तदाब. दुसरी घरीच असते, तिला काहीही झालेलं नाही, पण तिला सून नवीन आहे. बरोबर सव्वापाचला शिक्षिका फाटकाशी येऊन ओरडते, "अगो, येत्येस ना?" या हाकेपुढे आळस टिकत नाही. 'नाही' म्हणायचं तर तिला आत बोलवावं लागतं, चहा करावा लागतो, म्हणजे पुन्हा ओटा. त्यापेक्षा चपला घातलेल्या बऱ्या. पहिले आठ दिवस धाप लागायची म्हणून बोलता येत नव्हतं, आणि बोलता येत नव्हतं म्हणून चालणं नकोसं व्हायचं. आता चढावरसुद्धा तिघी एकाच वेळी बोलतो. गेल्या महिन्यात आकडा ५.९ आला.

भावोजींनी कागद दोनदा वाचला. म्हणाले, "पहाटे गेला असतात तर ५.७ आला असता."

घरात अडचण आली ती निराळीच. मी सव्वापाचला बाहेर पडायला लागले आणि साडेपाचचा चहा पोरका झाला. पहिल्या दिवशी थिबा पॉइंटवर, सूर्य पाण्याला टेकता टेकता, ह्यांचा फोन : "अगं, साखर कुठे आहे?" दोघी शेजारणी इतक्या हसल्या की बाकावरचं एक जोडपं उठून गेलं. दुसऱ्या दिवशी : "चहापावडर कुठली, लाल डब्यातली की निळ्या?" तिसऱ्या दिवशी फोन आला नाही, तेव्हा मात्र मला काळजी वाटली. घरी येऊन बघते तर माय-लेक चहा पीत बसलेले. सासूबाई मला म्हणाल्या, "बरा करतो हो. तुझ्यापेक्षा आलं जास्त घालतो." अडुसष्ट वर्षांत आपल्या लेकाच्या हातचा चहा त्या पहिल्यांदा पीत होत्या.

संध्याकाळचा व्यायाम परंपरेत बसत नाही, हाही आरोप झाला. ज्या भाषेत शतपावली हा शब्द आहे, त्या भाषेत हे बोलावं! रात्रीच्या जेवणानंतर अंगणात शंभर पावलं घालायची, ही आपल्याकडची जुनी रीत. जेवणानंतर थोडं चाललं की साखर कमी चढते, असं आता डॉक्टरही सांगतात. शतपावलीला गजर लागत नाही, बूट लागत नाहीत, आणि ती करून आल्यावर कुणी कुणाला उपदेश केल्याचं मी ऐकलेलं नाही. बहुधा म्हणूनच तिचा कुणी प्रचार केला नाही.

आता प्रश्न पावसाळ्याचा. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, आणि जुलैत तो संध्याकाळ-पहाट असा भेद करत नाही. भावोजी आणि मंडळी छत्र्या घेऊन जाणार आहेत म्हणे. आम्ही तिघींनी घराघरांतून पावलं मोजून पाहिली. माझी ओटी अकरा पावलांची, शिक्षिकेची गॅलरी नऊ. तिसरीची मागची पडवी मात्र चांगली सव्वीस पावलं भरली, वर कौलं, खाली कोबा. तेव्हा जूनपासून तिथे फेऱ्या घालायचं ठरलं आहे. तिच्या सासूबाईंची फक्त एक अट आहे. येताय तशा या, पण बिरड्याचे वाल भिजलेले असतील त्या दिवशी आधी सोलून द्यायचे. तिसरी म्हणाली, वाल नव्या सुनेकडे द्या. शिक्षिका म्हणाली, सुनेलाही फेऱ्यांना घ्या. मग वाल कोण सोलणार, यावर सध्या बोलणी चालू आहेत. तिचे मालक निवृत्त आहेत आणि त्यांची बोटं चांगली आहेत, असं मी सुचवून ठेवलंय.